शाहू आणि चिंतामणराव : सातारा-सांगली परिसराच्या इतिहासलेखनातील नामसाम्याचा प्रश्न

प्रस्तावना :

इतिहासाच्या अभ्यासात व्यक्तीची पहिली ओळख तिच्या नावाने होते. परंतु एकच नाव अनेक ऐतिहासिक व्यक्तींनी धारण केलेले असते तेव्हा तेच नाव अभ्यासकाला चकवा देते. मराठ्यांच्या इतिहासात अशी उदाहरणे विपुल आहेत. पेशवे घराण्यात दोन बाजीराव आणि दोन माधवराव होऊन गेले. सातारा व तंजावर या दोन्ही गाद्यांवर प्रतापसिंह नावाचे राजे बसले. शिवाजी आणि संभाजी ही नावे तर कोल्हापूरच्या गादीवर पुन्हा पुन्हा आलेली दिसतात.

आजचे सातारा आणि सांगली हे जिल्हे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. सातारा ही छत्रपतींची राजधानी होती, तर सांगली हे पटवर्धनांच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नामकरण सांगली असे झाले. म्हणजे जुन्या कागदांतील ‘सातारा जिल्हा’ आणि आजचा सातारा जिल्हा हेही केवळ नामसाम्यच होय. या परिसराच्या इतिहासात ‘शाहू’ व ‘चिंतामणराव’ ही दोन नावे वारंवार भेटतात आणि दोन्ही नावांमागे एकापेक्षा अधिक कर्तबगार व्यक्ती उभ्या आहेत.

प्रस्तुत लेखात या दोन नावांच्या आधारे नामसाम्याचा विचार केला आहे. हे नामसाम्य योगायोगाने आलेले नाही, ते बहुतांशी दत्तकविधानाच्या व वारसाहक्काच्या परंपरेतून निर्माण झाले आहे. त्यामुळे ते उलगडताना इतिहासाचे एक महत्त्वाचे अंग उलगडते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१) सातारा व कोल्हापूर गाद्यांवरील ‘शाहू’ नावाच्या व्यक्तींचा कालानुक्रमे परिचय करून देणे.
२) सांगलीच्या दोन चिंतामणरावांच्या काळातील व कार्यातील भेद स्पष्ट करणे.
३) नामसाम्यामागील कारणांचा शोध घेणे.
४) नामसाम्यामुळे होणारे इतिहासाचे नुकसान व ते टाळण्याचे उपाय सांगणे.

‘शाहू’ या नावाचा उगम :

छत्रपती संभाजी महाराज व येसूबाई यांच्या पुत्राचा जन्म १८ मे १६८२ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगावजवळच्या गांगवली येथे झाला. आजोबांच्या नावावरून त्याचे नाव ‘शिवाजी’ ठेवण्यात आले होते. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि येसूबाईंसह हा बालराजा औरंगजेबाच्या छावणीत कैद झाला. तेथेच ‘शाहू’ हे नाव रूढ झाले. ‘साव’ म्हणजे सज्जन या शब्दाशी त्याचा संबंध जोडणारी आणि नामकरणाचे श्रेय खुद्द औरंगजेबाला देणारी आख्यायिका प्रसिद्ध आहे.

याच सुमारास भोसले घराण्यात आणखी एक शिवाजी होता. राजाराम महाराज व ताराबाई यांचा हा पुत्र १७०० मध्ये पित्याच्या मृत्यूनंतर गादीवर आला आणि त्याच्या नावाने ताराबाईंनी मोगलांशी झुंज दिली. १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली, तेव्हा मराठी राज्याच्या वारसाहक्कासाठी थोरल्या शिवाजी महाराजांचे दोन नातू समोरासमोर आले आणि दोघांचेही मूळ नाव शिवाजीच होते. ‘शाहू’ हे नाव रूढ झाले नसते तर त्या वारसायुद्धाचे कागद वाचणे आज कितीतरी अवघड गेले असते. ज्या नावाने एका पिढीतील दोन व्यक्ती वेगळ्या ओळखता आल्या, तेच नाव पुढील दोनशे वर्षांत अनेकांनी धारण केले आणि नव्या संभ्रमाचे कारण ठरले.

थोरले शाहू महाराज :

खेडच्या लढाईनंतर शाहूंनी सातारा ताब्यात घेतला व १२ जानेवारी १७०८ रोजी तेथे त्यांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे ते छत्रपती होते. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले. १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा मिळाल्या आणि येसूबाईही परत आल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन राज्यांची हद्द ठरली. तीच वारणा नदी आज सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. १७३९ मध्ये मिरजेचा किल्ला त्यांच्या राज्यात आला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी शाहूनगर वसविले, तेच आजचे सातारा शहर. १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचे निधन झाले. कृष्णा-वेण्णा संगमावर माहुली येथे त्यांची समाधी आहे.

या दीर्घ कारकिर्दीत मराठी सत्ता नर्मदेपलीकडे पोहोचली. तथापि त्या विस्ताराचे श्रेय पेशव्यांच्या नावे जमा झाले आणि सनदा देणारे, सरदारांचे तंटे मिटवणारे, माणसे निवडणारे छत्रपती मागे पडले. शाहूंच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीचे हे पहिले रूप होय.

धाकटे शाहू महाराज :

थोरल्या शाहूंना पुत्र नव्हता. त्यांच्यानंतर गादीवर आलेले रामराजे यांना बहुतेक काळ नजरकैदेत काढावा लागला. १७७७ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी वावी येथील भोसले शाखेतील त्रिंबकजी भोसले यांचा मुलगा दत्तक घेण्यात आला होता व त्याचे नाव ‘शाहू’ ठेवण्यात आले होते. हेच साताऱ्याचे दुसरे शाहू. १८०८ पर्यंत, म्हणजे सुमारे ३० वर्षे, ते नाममात्र छत्रपती होते.

पाठ्यपुस्तकांत या शाहूंना क्वचितच स्थान मिळते. प्रत्यक्षात त्यांची कारकीर्द निष्क्रिय नव्हती. १७९८ मध्ये पुण्यातील गोंधळाचा फायदा घेऊन त्यांनी साताऱ्याचा किल्ला पेशव्यांच्या अधिकाऱ्यांकडून आपल्या ताब्यात घेतला. हा उठाव मोडण्यासाठी बाजीराव दुसरे यांच्या सरकारला परशुरामभाऊ पटवर्धन यांची मदत घ्यावी लागली. महाराजांचे बंधू चतुरसिंह भोसले यांनी त्यानंतरही लढा चालू ठेवला. पुढे ते पकडले गेले व कांगोरी किल्ल्यावर कैदेत त्यांचा अंत झाला. पेशवाईच्या अखेरीस छत्रपतींची सत्ता पुनःस्थापित करण्याचा प्रयत्न साताऱ्यातून झाला होता, ही बाब दोन्ही शाहूंना एकच मानणाऱ्या वाचकाच्या लक्षातच येत नाही.

मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचे नाव या संदर्भात बोलके आहे. दुसऱ्या शाहूंच्या दरबाराशी निगडित असलेल्या या बखरकाराने पहिल्या शाहूंचे चरित्र लिहिले, तेव्हा त्यांचा उल्लेख ‘थोरले शाहू महाराज’ असा केला. समोर दुसरे शाहू असताना पहिल्यांना ‘थोरले’ म्हणणे आवश्यकच होते. ‘थोरले’, ‘धाकटे’, ‘सवाई’ ही विशेषणे म्हणजे मराठी परंपरेने नामसाम्यावर शोधलेला उपाय होय. ‘प्रथम’, ‘द्वितीय’ हे क्रमांक इंग्रजी इतिहासलेखनाच्या प्रभावाने आले. ते गादीगणिक बदलतात, हे अनेकदा ध्यानात घेतले जात नाही. ‘दुसरे शाहू’ म्हटल्यावर साताऱ्याचे की कोल्हापूरचे, हा प्रश्न उरतोच.

धाकट्या शाहूंचे पुत्र प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८१९ च्या तहाने साताऱ्याचे राज्य दिले आणि १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविले. तेथे १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या दत्तकपुत्राचेही नाव शाहूच होते. १८४८ मध्ये राजा शहाजी यांच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. राज्य गेले तरी साताऱ्याच्या घराण्यात हे नाव टिकून राहिले.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज :

आज ‘शाहू महाराज’ म्हटल्यावर बहुतेकांसमोर उभे राहतात ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू. त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेल्यावर त्यांचे नाव ‘शाहू’ ठेवण्यात आले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश, विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे, १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, राधानगरी धरण हे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे.

येथे एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. कोल्हापूरच्या गादीची उभारणीच साताऱ्याच्या शाहूंशी झालेल्या वारसायुद्धातून झाली होती. १८८४ पूर्वी त्या गादीवर शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम अशी नावे आली, शाहू हे नाव आले नव्हते. ज्यांच्याविरुद्ध ताराबाई लढल्या त्यांचेच नाव ताराबाईंच्या गादीवरील वारसाला मिळाले. सातारा-कोल्हापूर हा जुना कलह तोपर्यंत इतिहासजमा झाला होता आणि ‘शाहू’ हे समग्र भोसले घराण्याच्या वारशाचे नाव झाले होते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

सांगलीचे दोन चिंतामणराव :

सांगली संस्थानातही हीच प्रक्रिया दिसते. गणपती हे पटवर्धनांचे आराध्य दैवत आणि ‘चिंतामणी’ हे गणपतीचेच नाव. पहिले चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब हे चुलते गंगाधरराव यांच्याशी झालेल्या वाटणीनंतर मिरज सोडून सांगलीस आले आणि १८०१ पासून सांगली हे स्वतंत्र संस्थानाचे ठिकाण झाले. कृष्णाकाठचे गणपती मंदिर ही त्यांच्याच काळाची आठवण. १८१९ मध्ये त्यांनी कंपनी सरकारशी तह केला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते याच चिंतामणरावांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर धुंडिराव ऊर्फ तात्यासाहेब गादीवर आले. १९०१ मध्ये ते निपुत्रिक वारले. १९०३ मध्ये पटवर्धन घराण्यातील विनायकराव यांची दत्तक म्हणून निवड झाली व त्यांचे नाव ‘चिंतामणराव’ ठेवण्यात आले. यांनाही अप्पासाहेब असेच म्हणत. १८९० मध्ये जन्मलेल्या या दुसऱ्या चिंतामणरावांना १९१० मध्ये राज्याधिकार मिळाले. लंडनच्या गोलमेज परिषदेस ते उपस्थित होते. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सांगलीत सुरू झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पहिल्या चिंतामणरावांनी संस्थान उभे केले, तर दुसऱ्या चिंतामणरावांच्या काळात ते भारतीय संघराज्यात विसर्जित झाले. दोघांच्या नावात आणि उपनामात फरक नसला तरी दोघांचे युग सर्वस्वी भिन्न होते.

नामसाम्याचे कारण : दत्तकविधान :

वरील उदाहरणे एकत्र ठेवली असता एक सूत्र स्पष्ट होते. वावीच्या भोसल्यांचा मुलगा साताऱ्यास आला आणि शाहू झाला. कागलचे यशवंतराव कोल्हापूरला शाहू झाले. विनायकराव सांगलीस चिंतामणराव झाले. ही परंपरा विसाव्या शतकातही थांबली नाही. १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरच्या गादीवर येताना शहाजी झाले आणि १९६२ मध्ये त्यांनी नागपूरच्या भोसले घराण्यातील दिलीपसिंहराव यांना दत्तक घेतले, तेव्हा त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. हेच शाहू छत्रपती २०२४ मध्ये कोल्हापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

औरस पुत्राला वारसाहक्क सिद्ध करण्यासाठी नावाची गरज नसते, दत्तकपुत्राला मात्र असते. पूर्वजाचे नाव धारण करणे ही गादीवरील हक्काची जाहीर घोषणा होती. दत्तक मंजूर करण्याचा अधिकार आधी पेशव्यांकडे व नंतर इंग्रजांकडे गेल्यावर या घोषणेला अधिकच महत्त्व आले. म्हणून राजघराण्यातील नामसाम्य आढळताच अभ्यासकाने प्रथम ‘येथे दत्तकविधान झाले होते काय?’ हा प्रश्न विचारावयास हवा.

नामसाम्यामुळे होणारे नुकसान :

नावांची गल्लत ही केवळ सनावळीतील चूक नसते, तिच्यामुळे घटनेचा अर्थच बदलतो. याची तीन उदाहरणे पाहता येतील.

पहिले उदाहरण वेदोक्त प्रकरणाचे. भोसले घराणे क्षत्रिय आहे व त्याला वेदोक्त संस्कारांचा अधिकार आहे, हा वाद साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांच्या काळात झाला. १८३० मध्ये आबा पारसनीस यांच्या पुढाकाराने पंडितांची सभा भरून निर्णय महाराजांच्या बाजूने लागला. या वादात सनातनी ब्राह्मणपक्षाच्या प्रमुख पाठीराख्यांत सांगलीचे चिंतामणराव होते. पुढे १८९९ पासून कोल्हापुरात वेदोक्ताचा वाद उसळला, तो राजर्षी शाहूंच्या काळात. दोन्ही प्रकरणे ‘छत्रपती आणि वेदोक्त’ या एकाच मथळ्याखाली वाचणाऱ्या विद्यार्थ्याची ‘सांगलीचे चिंतामणराव राजर्षी शाहूंच्या विरोधात होते’ अशी समजूत होणे सहज शक्य आहे. वस्तुतः १८९९ मध्ये पहिल्या चिंतामणरावांना जाऊन ४८ वर्षे झाली होती आणि दुसरे चिंतामणराव ९ वर्षांचे होते. अशा गल्लतीने एका व्यक्तीवर नसलेला दोष येतो आणि राजर्षींच्या लढ्याला साताऱ्यात सुमारे ७० वर्षांची पूर्वपरंपरा होती हे महत्त्वाचे सत्यही झाकले जाते.

दुसरे उदाहरण ‘अप्पासाहेब’ या उपनामाचे. साताऱ्याचे राजे शहाजी हेही अप्पासाहेब म्हणूनच ओळखले जात. ते १८३९ ते १८४८ या काळात गादीवर होते आणि नेमक्या त्याच काळात सांगलीस चिंतामणराव अप्पासाहेब राज्य करीत होते. दोन शेजारच्या राज्यांचे दोन अधिपती एकाच वेळी ‘अप्पासाहेब’! त्यातच कोल्हापूरचे शहाजी १८३८ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याचे शहाजी गादीवर आले. या दशकातील एखाद्या मोडी पत्रात केवळ ‘अप्पासाहेब’ वा ‘शहाजी राजे’ असा उल्लेख आला, तर पत्र कोणत्या दफ्तरातील आहे हे पाहिल्याखेरीज निर्णय देणे धोक्याचे ठरते.

तिसरे उदाहरण आधुनिक साताऱ्यातील आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे झाले. सातारा ही थोरल्या शाहूंची राजधानी असल्याने हे नाव त्यांचेच असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ते नाव होते राजर्षी शाहूंचे. वसतिगृहांद्वारे बहुजनांच्या शिक्षणाची चळवळ कोल्हापुरात उभी राहिली, तिचे ऋण साताऱ्यातील या नामकरणाने मान्य केले. ‘शाहू कोणते?’ हा प्रश्न न विचारल्यास कोल्हापूर व सातारा यांना जोडणारा सामाजिक इतिहासाचा हा धागाच निसटतो.

स्थळनामांबाबतही हीच सावधगिरी हवी. शाहूपुरी कोल्हापुरात आहे, तशी साताऱ्यातही आहे. थोरल्या शाहूंच्या जन्मस्थानाजवळचे माणगाव रायगड जिल्ह्यातील आहे, तर मार्च १९२० च्या ज्या परिषदेस राजर्षी शाहू व डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातील.

ओळख निश्चित करण्याच्या कसोट्या :

मराठी पत्रांत पुष्कळदा तिथी असते, पण वर्ष नसते. अशा वेळी पुढील कसोट्या उपयुक्त ठरतात. प्रथम, पत्रातील इतर व्यक्तींचा काळ पाहावा. ‘शाहू’ या नावासोबत बाळाजी विश्वनाथ असतील तर थोरले शाहू, चतुरसिंह असतील तर धाकटे शाहू हे उघड आहे. दुसरे, गादी व स्थळ यांची नोंद घ्यावी. तिसरे, दत्तकविधानापूर्वीचे नाव शोधावे, कारण मूळ नावाने असलेले जुने कागद वेगळ्या रुमालात पडलेले असू शकतात. चौथे, शिक्का व मायना तपासावा. पाचवे, उपनामावर एकट्याने विसंबू नये, कारण उपनामही वारशाने चालत येते.

लेखनात व अध्यापनात व्यक्तीच्या पहिल्या उल्लेखाबरोबर गादी व कारकिर्दीची वर्षे देण्याचा प्रघात पाडल्यास निम्मा संभ्रम दूर होईल. ‘शाहू महाराज (सातारा, १७०८–१७४९)’ एवढी नोंद पुरेशी आहे.

निष्कर्ष :

१) सातारा, कोल्हापूर व सांगली येथील राजघराण्यांतील नामसाम्य प्रामुख्याने दत्तकविधानातून निर्माण झाले असून ते वारसाहक्काच्या घोषणेचे साधन होते.

२) ‘थोरले’, ‘धाकटे’ ही मराठी विशेषणे व्यक्तिनिश्चितीसाठी क्रमांकांइतकीच, किंबहुना अधिक, विश्वसनीय आहेत.

३) नामसाम्याचा सर्वाधिक फटका धाकट्या शाहूंना बसला आहे. एका बाजूस थोरले शाहू व दुसऱ्या बाजूस राजर्षी शाहू यांच्या कीर्तीत १७७७ ते १८०८ हा साताऱ्याचा कालखंड जवळजवळ अदृश्य झाला आहे. त्यावर स्वतंत्र संशोधन होणे आवश्यक आहे.

४) वेदोक्त प्रकरण व शाहू बोर्डिंग यांसारख्या उदाहरणांवरून व्यक्तिनिश्चिती चुकल्यास सामाजिक इतिहासाचा क्रम व अर्थ दोन्ही चुकतात, हे सिद्ध होते.

५) सातारा व सांगली परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्थानिक ऐतिहासिक व्यक्तींची नामसूची मूळ नाव, दत्तकनाम, उपनाम, गादी व कालखंड यांसह तयार केल्यास विद्यार्थी व संशोधक या दोघांचीही मोठी सोय होईल. या कामासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. चिकाटीने कागद वाचणारी माणसे मात्र हवीत, आणि ती घडवणे हे महाविद्यालयांचेच काम आहे.